न्हाणीघरातला घरघऱ्या पंखा

वृद्धाश्रमातल्या न्हाणीघराचा पंखा नुसता घरघरायचा. वाफ न् कुबट वास आतच कोंडायचा. दम्याच्या सुभद्राबाईंचा तिथं जीव गुदमरायचा, आंघोळीचं नाव काढलं की त्या रडायच्या. शेवटी त्यांची मैत्रीण इठाबाईनं पाहणीला आलेल्या विश्वस्त ढवळीकरांना थेट न्हाणीघरात नेलं.

दारातच साहेबांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, "पंखा चालू आहे की! आवाज येत नाही का आजी?"

"येतो की साहेब," इठाबाई म्हणाली, "पण पंखा कानासाठी बसवलाय का नाकासाठी, ते जरा तुमच्या रुमालाला विचारा!"

साहेबांनी तिथूनच वायरमनला फोन लावला.

नवा पंखा बसला, तशा सुभद्राबाई न्हाणीत ओव्या म्हणत बसल्या. बाहेर नंबर लावलेल्या बाया दार वाजवून थकल्या.