कुंभारणीचा दुसरा तोडा

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्हाला तो शोधत बसायला नको.

काही वर्षांपूर्वी मी एक मिक्सर घेतला. दुकानदार म्हणाला, थोडे जास्त भरा, हमी पाच वर्षांची करून देतो. मी भरले. मिक्सर इतका गुणी निघाला की बिघडेचना. चार वर्षं मी त्याच्याकडे रागानं बघत काढली. मुदत संपत आली तशी मला राहवेना, म्हणून मी त्यात सुकी हळकुंडं दळायला घेतली. भांडं तडकलं. मी खुशीत कागद घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं तो शांतपणे वाचला आणि सांगितलं, हमी मोटरची आहे, भांड्याची नाही.

तर अशा बाईवर गेल्या आठवड्यात जुना ट्रक घ्यायची वेळ आली. माझी रोपवाटिका आहे, रोपं पोचवायला गाडी लागते. सोबत यासीनभाई होते. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आणि बोलतात दिवसाला साधारण दहा शब्द. विकणाऱ्याच्या आवारात सारखेच दिसणारे ट्रक ओळीनं उभे होते. त्यानं वाढीव हमीचा कागद माझ्यापुढे ठेवला, "सही करून ठेवा, मॅडम" म्हणाला आणि चहा सांगायला गेला. माझा हात पेनाकडे गेला. यासीनभाई नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर चुकवायला मी त्यांना एक गोष्ट सांगायला घेतली.

लहानांनो, मोठ्यांनो, तीच आता तुम्हीही ऐका.

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की घाटाला अजून नाव पडलं नव्हतं. जनावरं तेव्हा बोलायची, पण कामापुरतंच.

घाटाच्या पायथ्याशी एक कुंभारीण राहायची. एकटीच. तिच्या घागरीतलं पाणी भर उन्हाळ्यात गार राहायचं. घाटावर एक शहर होतं. तिथं उन्हाळ्याच्या तोंडाशी, वर्षातून एकच दिवस, घागरींचा बाजार भरायचा. त्या बाजाराची एक रीत होती. ज्याची जी जागा ती त्याची. पण एक वर्ष जरी खाडा झाला, तरी जागा दुसऱ्याची. मग आजारपण सांगा, नाहीतर पूर सांगा, कोणी ऐकायचं नाही.

कुंभारणीची जागा होती मोठ्या चिंचेच्या सावलीत. आधी तिथं तिची आई बसायची. शहरातल्या बायका कुंभारणीचं नाव विचारायच्या नाहीत, सरळ चिंचेखाली यायच्या. त्या एका दिवसावर तिचं वर्ष निघायचं.

आजवर ती घागरी गाढवावर लादून न्यायची. पण गाढव म्हातारं झालं. एक दिवस ते म्हणालं, "आता पुरे," आणि जे दारात बसलं ते बसलंच. तेव्हापासून ते फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचं.

मग कुंभारणीच्या भावानं तिला एक बैल दिला. बैल आला म्हणजे गाडी आली. नवी गाडी घेण्याची तिची ऐपत नव्हती. तिच्याकडे दागिना म्हणावा असे आईचे चांदीचे दोन तोडे होते, तेवढेच. ती ते पायात घालायची आणि चालताना स्वतःच ऐकत राहायची.

बाजाराला आठ दिवस उरले, तेव्हा बैलाला घेऊन ती जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर गेली.

तिथला व्यापारी मोठा गोड माणूस. त्यानं तिला बसायला पाट दिला, बैलाला पेंढी टाकली आणि एक छोटी गाडी पुढे आणली. एका बैलानं ओढायची. तांबडी, ताज्या गेरूनं रंगवलेली. जोखडाला घुंगरं. कुंभारणीला ती बघताक्षणी आवडली, आणि आवडली हे तिच्या तोंडावर दिसलं. माझंही तसंच होतं, म्हणून तिला मी बोल लावणार नाही.

"एक तोडा," व्यापारी म्हणाला.

कुंभारीण चाक बघायला वाकणार, तेवढ्यात तो हसला. "बघा की, खुशाल बघा. काही गिऱ्हाइकं असतातच तशी. ठोकून, वाजवून, ओरबाडून बघतात. माणसावर विश्वास म्हणून नाही."

कुंभारीण तशीच सरळ झाली.

आता इथं तिचा एक स्वभाव सांगायला हवा. घागर घेताना टिचकी मारून बघणारं गिऱ्हाईक तिला अजिबात आवडायचं नाही. घागर पक्की भाजलेली असेल तर खणखणीत वाजते, आत चीर असेल तर बद्द. हे तिला माहीत होतं, गिऱ्हाइकालाही माहीत होतं. तरी बायका टिचक्या मारायला लागल्या की तिला वाटायचं, या आपल्या थोबाडीतच मारतायत. त्यामुळे आपण कधी तसलं गिऱ्हाईक व्हायचं नाही, असं तिनं मनात पक्कं केलं होतं. गाडी घेताना तिला गाडीपेक्षा आपला चांगुलपणा दाखवायची जास्त घाई होती.

"नाही, मी आपलं सहज बघत होते," ती म्हणाली.

"तुम्ही समजूतदार दिसता," व्यापारी म्हणाला, "म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगतो. सगळ्यांना नाही सांगत." आणि त्यानं एक ताडपत्र काढलं. त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, खाली शिक्का होता. "तीन वर्षं या गाडीचं काहीही मोडलं, तर आम्ही करून देऊ. एक पैसा घेणार नाही. फक्त आत्ता दुसरा तोडा द्यायचा."

"चाक मोडलं तर?"

"करून देऊ."

"चाकांचा कणा मोडला तर?"

"नवा घालू."

"आणि घाटात मोडलं तर?"

"घाटात मोडू दे, नाहीतर समुद्रात मोडू दे. गाडी इथं आणायची, आम्ही करून देणार."

कुंभारणीला बरं वाटलं. तिनं बैलाकडे बघितलं. बैल पेंढी खात होता.

"मोडलेली गाडी इथं आणायची कशी?" बैलानं विचारलं.

"तू खा," कुंभारीण म्हणाली. "तुला व्यवहारातलं काय कळतं?"

बैलानं दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "मालकीणबाई, एक विचारू? घागर विकताना 'गळली तर परत आण' असं तुम्ही कुठल्या घागरीला म्हणता?"

कुंभारीण खरं बोलणारी बाई होती. "जिचा मला स्वतःला भरवसा नसतो, तिला," ती म्हणाली. "चांगलीला कशाला म्हणेन? चांगली नुसती उचलून देते."

"मग?"

"मग काय? घागर वेगळी, गाडी वेगळी."

बैल पुन्हा पेंढीकडे वळला. कामापुरतं बोलून झालं होतं.

कुंभारणीनं खाली बसून पायातला एक तोडा काढला. तो गाडीचा. मग जरा थांबून दुसरा काढला. तो भरवशाचा. ताडपत्र तिनं पदरात बांधलं आणि घुंगरं वाजवत घरी आली. दारातल्या गाढवानं गाडीकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे बघितलं, आणि म्हणालं, "रंग छान आहे."

बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं पहाटे गाडी भरली. शंभर घागरी, मध्ये मध्ये पेंढा, वरून दोर. दरवर्षी गाढवावर वीस जायच्या. यंदा शंभर. ती चालताना हिशेब करत नव्हती, नुसती खूश होती.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर गाडी एका बाजूला बसली, अगदी सावकाश, थकलेला माणूस ओट्यावर बसतो तशी.

डाव्या चाकाचा तुंबा फुटला होता. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गोळा, ज्यात सगळे आरे घुसवलेले असतात. कुंभारीण वाकली. या गाडीखाली ती पहिल्यांदाच वाकत होती. फुटलेल्या लाकडात एक जुनी भेग दिसत होती, बोटभर रुंद. तिच्यात राळ भरली होती आणि वरून गेरू फासला होता.

तिनं उजव्या चाकाच्या तुंब्यावर टिचकी मारली. लाकूड खणखणीत वाजलं. मग फुटलेल्यावर मारली. बद्द.

"तीन वर्षांची मुलगीसुद्धा ओळखेल," ती स्वतःशी म्हणाली.

बैलानं तोंड फिरवून कडेचं गवत हुंगलं. हा त्याचा मोठेपणा.

बैलाला घागरींजवळ ठेवून ती घाट उतरून अड्ड्यावर गेली. अनवाणी पायांचा आवाज होत नव्हता. व्यापाऱ्यानं तिला पुन्हा पाट दिला. ताडपत्र दोनदा वाचलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चाक करून देणं आमच्याकडे. गाडी आणा."

"चाक मोडलंय."

"म्हणूनच आणा ना."

"चाक नाही तर गाडी आणू कशी?"

"ते यात लिहिलेलं नाही," व्यापारी म्हणाला. आवाजात जराही कडवटपणा नव्हता. "मी नाही कुठं म्हणतोय, बाई? आजही आणा, उद्याही आणा. तीन वर्षं आहेत."

"मग माणूस पाठवा. तिसऱ्या वळणावर तर आहे. उद्या बाजार आहे माझा."

"माणूस पाठवायचं ताडपत्र वेगळं असतं," तो म्हणाला. "त्याला आणखी एक तोडा पडतो."

कुंभारणीनं आपल्या पायांकडे बघितलं आणि ती उठली.

वर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आता रडायलाही वेळ नव्हता. चिंचेखाली उद्या कोणी नसलं, तर परवापासून ती जागा आईची राहणार नव्हती. तिनं दोर सोडला, बैलाच्या पाठीवर घोंगडी टाकली आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा घागरी बांधल्या. तीन स्वतःच्या डोक्यावर घेतल्या, एक काखेत. उरलेल्या पेंढ्याखाली झाकून ठेवल्या.

"मी बैल आहे, गाढव नाही," बैल म्हणाला.

"माहीत आहे रे," कुंभारीण म्हणाली. "पण आज आपल्या दोघांतलं गाढव कोण, ते नको काढायला."

दोघं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली कुंभारीण बसलेली होती. पुढ्यात सोळा घागरी. दोन्ही बाजूंच्या कुंभारांनी तिच्या मालाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि जागा मात्र मोजून सोडली. ती आली होती. रीत पाळली गेली होती.

पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारी होती. दरवर्षी यायची आणि दरवर्षी प्रत्येक घागरीवर टिचकी मारायची. कुंभारीण तिला वर्षभर आधीपासून घाबरून असायची. म्हातारीनं सवयीनं बोट वाकवलं आणि सवयीनंच कुंभारणीच्या तोंडाकडे चोरून बघितलं.

"मारा की, आजी," कुंभारीण म्हणाली. "जोरात मारा. आतूनही बघा."

म्हातारी जरा बिचकली. तिनं पाच घागरी वाजवल्या, एक निवडली. मग कडेच्या एका घागरीकडे बोट केलं. "आणि ती?"

त्या घागरीचा आवाज जरासा दबका होता. बैलाच्या पाठीवर कुठंतरी लागली असावी. कुंभारणीच्या तोंडावर ते नेहमीचं वाक्य आलं, 'न्या, गळली तर परत आणा.' म्हातारी घाटावरची, ही घाटाखालची. गळकी घागर घेऊन घाट उतरून कोण येणार होतं? आजवर कोणीच आलं नव्हतं. त्याचा अर्थ तिनं आजवर वेगळा लावला होता.

"ती नको," कुंभारीण म्हणाली. तिनं घागर उचलून मागे ठेवली. "तिचा मलाच भरवसा नाही."

म्हातारीनं वाकवलेलं बोट सरळ केलं. मग निवडलेल्या घागरीवर आणखी दोन घागरी घेतल्या, न वाजवता.

दुपारपर्यंत पंधराही गेल्या. शहरातला एक सुतार तिच्याबरोबर घाटात आला आणि त्यानं नवा तुंबा बसवून दिला. एका तोड्याचं काम होतं. तोडा नव्हता, म्हणून त्यानं पेंढ्याखालच्या घागरींतल्या निम्म्या घेतल्या, त्याही एकेक वाजवून. त्या वर्षी कुंभारणीनं आणि बैलानं दोघांनीही थोडं कमीच वाढून घेतलं. जागा तेवढी राहिली.

ताडपत्र बैलानं खाल्लं. कसं लागलं, असं गाढवानं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कोरडं."

म्हणून सांगते, भरवसा विकत घेण्याआधी वस्तू वाजवून बघावी.

माझी गोष्ट संपली तेव्हा चहा आलेला होता. मी हमीचा कागद आणि पेन बाजूला सारलं. उठले, आणि ट्रकच्या पुढच्या चाकावर बोट वाकवून चांगल्या तीन टिचक्या मारल्या. कान लावून ऐकलं. वाकून खालीही बघितलं.

"यासीनभाई," मी म्हणाले, "मला तरी हा दमदार वाटतोय."

यासीनभाईंनी बशीतला चहा संपवला, कप उपडा घातला.

"ताई," ते म्हणाले, "आपला पलीकडचा."