तयार गाठीचा गळपट्टा

फार पूर्वी एका घाटमाथ्यावर एक गाव होतं. वारा तिथे वर्षभर बोचरा, आणि धुकं तर असं की दारातली म्हैस दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. म्हणून त्या गावचे पुरुष गळपट्ट्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. लांब, मऊ कापड, मानेभोवती दोन वेढे घेऊन हनुवटीखाली गाठ. बाकी कपड्यांचं त्यांना काही नव्हतं. धोतर विटलं तरी चालेल, पण गाठीवरून मात्र ते पारावर बसून भांडत. नवऱ्यामुलाची गाठ फुगीर हवी, पंचांची रुंद हवी, आणि तरण्या पोरांची मुद्दाम एका बाजूला कललेली.

गावात एक रीत होती. आपला गळपट्टा आपण बांधायचा नाही. तो घरातल्या दुसऱ्या माणसाने बांधायचा. बांधणारा विचारायचा, "श्वास येतोय ना?" आणि ज्याचा गळा, तो म्हणायचा, "येतोय." इतकंच. पण या रितीमुळे गावात कुणाचं भांडण मुक्कामाला राहत नसे. संध्याकाळी कितीही तणतण झाली तरी सकाळी त्याच माणसासमोर गळा उघडा टाकून, हनुवटी वर करून उभं राहावं लागे. अशा वेळी रागाने बघायचं म्हटलं तरी हसू येतंच.

त्या गावात दोघे भाऊ राहत. आईवडील नव्हते. थोरल्याने धाकट्याला लहानाचा मोठा केला आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. थोरल्याचं काम हाक देण्याचं. धुकं दाटलं की तो कड्याच्या टोकावर उभा राहून हाक द्यायचा, "ओ... इकडं या... वाट इकडं..." खालून चढणारी माणसं त्या आवाजाच्या रोखाने यायची, कारण वाटेच्या दुसऱ्या अंगाला सरळ खोल दरी होती. असा आवाज पंचक्रोशीत दुसरा नव्हता. म्हातारा वैद्य त्याला भेटेल तेव्हा बजावायचा, "गळा जप बाबा. धुक्यात उघड्या गळ्याने ओरडलास तर आवाज कायमचा बसेल." थोरला हसून म्हणायचा, "माझा धाकटा आहे की बांधायला."

आणि धाकटा खरंच छान बांधायचा, दोन वेढे घट्ट आणि गाठ सैल.

मग धाकट्याचं लग्न ठरायची वेळ आली. मुलीकडचे पाहुणे मुलीला घेऊन आले, पोहे झाले, गप्पा रंगल्या. थोरल्याला आनंद आवरेना. तो कौतुकाने सांगून गेला, "हा आमचा पठ्ठ्या मिसरूड फुटेपर्यंत धुक्याला घाबरायचा. माझ्या गळपट्ट्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हता." पाहुणे खो खो हसले. पडद्याआडून मुलगीही हसली. तिला तर तो त्या गोष्टीमुळेच आवडला, पण हे धाकट्याला पुढे फार उशिरा कळलं.

पाहुणे गेल्यावर धाकटा म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस, दादा."

"अरे, प्रेमाने बोललो मी."

"तुझं प्रेम तुझ्यापाशी ठेव," असं म्हणून धाकटा तरातरा बाहेर पडला. गोष्ट एवढीशीच होती. सकाळी गळपट्टे बांधताना मिटली असती.

पण त्याच दिवशी खालच्या गावात बाजार होता, आणि बाजारात राजधानीहून एक शिंपी आला होता. राजधानीत तेव्हा गळपट्ट्यांचं मोठं वेड होतं. दरबारी मंडळी म्हणे आरशासमोर उभी राहून सकाळ घालवीत. ज्यांना तेवढी उसंत नव्हती त्यांच्यासाठी या शिंप्याने युक्ती काढली होती. कापडाला कडक खळ, गाठ आधीच शिवलेली, आणि मागे मानेवर एक आकडा. आकडा अडकवला की झालं. "कुणाची मिनतवारी नको," शिंपी म्हणाला. धाकट्याने तो लगेच विकत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला गळपट्टा घेऊन आला, तर धाकटा तयार होऊन निघालेला. मान ताठ, गाठ देखणी. थोरला बघत राहिला. "शोभतो तुला," एवढंच म्हणाला आणि उघड्या गळ्यानेच कामाला गेला.

शेजाऱ्याकडून बांधून घेता आला असता. पण गळा घेऊन शेजारी गेलं की घरात बिनसलंय हे गावभर होणार, आणि ऐन सोयरिकीच्या दिवसांत थोरल्याला ते नको होतं. पहिल्या दिवशी तो खोकला. मग रोजच खोकू लागला. धाकट्याला ऐकू येत होतं. त्याचा जीव कळवळत नव्हता असं नाही, पण तो मनाशी म्हणायचा, गरज असेल तर दादा आपणहून बोलेल. मी का आधी बोलू?

एका सकाळी धुकं कधी नव्हे इतकं दाटलं. खालून निरोप आला की लग्नाचं एक मोठं वऱ्हाड, बायकापोरांसकट, घाटात अडकलंय. थोरला निघाला, पण दारापाशी वळला. धाकट्यासमोर येऊन उभा राहिला. हातात गळपट्टा, हनुवटी किंचित वर.

धाकट्याला सगळं समजलं. हात उचलायचा, एवढंच करायचं होतं. पण खळीच्या कापडाने मान अशी ताठ धरली होती आणि आतला रुसवाही तसाच ताठ. तो म्हणाला, "गाठी मारत बसायचे दिवस गेले, दादा. बाजारातून तुलाही एक तयार आणून देईन."

थोरल्याने हातातल्या कापडाची घडी घातली.

"मला गळपट्टा नको होता रे," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

दिवसभर कड्यावरून हाक येत राहिली. दुपारपर्यंत खणखणीत होती, मग चिरकली, मग फाटली, पण थांबली नाही. आवाजाचा माग धरत वऱ्हाडातलं एकेक माणूस वर आलं. शेवटची म्हातारी वर पोचली आणि हाक बंद झाली. धाकटा धावत कड्यावर गेला. थोरला दगडावर बसला होता. त्याने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली.

धाकट्याने मानेवरचा तो आकडा ओढून तोडला, गळपट्टा दरीत भिरकावला आणि भावाच्या पायांवर डोकं ठेवून रडला. "दादा, चुकलो." थोरल्याने त्याला उठवून पोटाशी धरलं. राग त्याच्या मनात कधीच नव्हता. पुढे वैद्याने चाटणं दिली, काढे दिले, रोज सकाळी धाकट्याने दोन वेढे घट्ट बांधले. धाकट्याला माफी मिळाली होती, पण थोरल्याचा आवाज काही परत आला नाही.

वर्षं गेली. हाक देण्याचं काम आता धाकट्याकडे होतं. त्याची लेक मोठी झाली, तिला काकांचा फार लळा. एकदा कड्यावर तिने विचारलं, "बाबा, सगळे म्हणतात काकांची हाक फार गोड होती. कशी होती?"

धाकट्याने छाती भरून हाक दिली.

"अशी?" लेकीने विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला, "अशी नव्हती." त्याने पुन्हा आठवून पाहिलं, पुन्हा हाक दिली. तीही तशी नव्हती. थोरला शेजारीच बसला होता. त्याने मान हलवून बरं आहे असं सांगितलं आणि पोरीला जवळ ओढलं. ती मात्र बापाकडेच बघत राहिली, आणि बापाने वाकून थोरल्याच्या गळपट्ट्याची गाठ नीट केली.

तात्पर्य: आपल्या माणसावाचून अडत नाही असं झालं, तरी त्याच्यापाशी जाणं सोडू नये. रुसवा मागाहून काढता येतो, पण रुसव्यात जे गेलं ते परत आणता येत नाही.