दोन ताटांचा राजा

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता. एका साध्याशा दिवशी तो दुपारच्या जेवणाला पाटावर बसला होता. समोर दोन ताटे होती. एक त्याचे आणि एक राणी कनकवल्लीचे. राणी तापाने गेली त्याला तीन वर्षे झाली होती. तिचे ताट मांडणे थांबवू नये अशी राजाची आज्ञा होती, आणि तिच्या ताटातले अन्न टाकून देणे त्याच्याने होत नसे. म्हणून तो आधी आपले ताट संपवी, मग तिचे. तीन वर्षांत पाट बदलला, सिंहासन बदलले, आणि लाडक्या घोड्याने राजाला पाठीवर घेणे सोडले.

त्या दिवशी खिडकीत राणीची साळुंकी येऊन बसली. ती माणसांसारखे बोले, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे.

"महाराज," ती म्हणाली, "राजकन्या जिवंत आहे."

राजाच्या हातातला घास हातातच राहिला. राणी गेली त्याच महिन्यात राजकन्या मेघना नाहीशी झाली होती, आणि ती मेली असे सगळ्यांनी धरले होते. साळुंकीने सांगितले ते असे. धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने तिला मागणी घातली, तिने नाकारली, आणि त्याने तिला दरीपलीकडच्या पाषाणमहालात कोंडले. त्या महालाचे दार फक्त तिच्या पित्याच्या हाताने उघडेल. दरीवर कोळ्याच्या धाग्यांचा पूल आहे. राजा लग्नाच्या दिवशी जेवढ्या वजनाचा होता तेवढेच वजन तो पेलतो, कणभरही जास्त नाही. पुढच्या वर्षी पळस फुलेपर्यंत कोणी आले नाही, तर मेघना पाषाण होईल.

राजवाड्याच्या चौकात लग्नातली तुळा अजून टांगलेली होती. शेला आणि कमरबंद उतरवून तुळेत बसायचे, अशी त्या घराण्याची रीत. लग्नात राजाच्या बरोबरीने जो दगड पारड्यात घातला होता, तोही तिथेच होता. राजा एका पारड्यात बसला. दुसऱ्या पारड्यात दगड वर गेला आणि वरच राहिला.

राजाने मुदपाकखान्याची चूल विझवायला सांगितली. आठ दिवस तो पाण्यावर राहिला. नवव्या दिवशी दरबारात कोसळला, आणि दहाव्या दिवशी दोन ताटे जेवून त्याने तिसरे मागितले. वाढणाऱ्या येसाईने ते दिले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

"दरी रुंद होत नाही, महाराज," साळुंकी म्हणाली. "तुम्हीच होताय. झऱ्यावर चला."

झऱ्याकाठी निर्झरा नावाची म्हातारी मायाविनी राहत असे. राजा आठ भोयांच्या पालखीतून गेला. निर्झरेने त्याच्याकडे पाहिले नाही, घाम पुसणाऱ्या भोयांकडे पाहिले.

"मंत्र द्या," राजा म्हणाला.

"मंत्राने उतरलेलं मंत्रानेच चढतं," निर्झरा म्हणाली. "तीन कामं देते. एक अंगवळणी पडलं की दुसरं. पहिलं हे, की राणीचं ताट मांड, पण जेवू नकोस. दारात जो येईल त्याला ते दे, आणि तो जेवेपर्यंत शेजारी बस."

पहिल्या दिवशी एक कासारीण आली. राणीच्या ताटातला भात दुसऱ्या कोणाला कालवताना पाहणे राजाला फार जड गेले. जेवता जेवता कासारीण म्हणाली, की राणीसाहेब बांगड्या भरताना कधी हात आखडून घेत नसत, उलट मलाच विचारत, दुखलं का तुला? ही गोष्ट राजाला ठाऊक नव्हती. त्याने कासारणीला हात जोडले. पुढे विणकर आले, गुराखी आले, आणि राणीच्या ताटावर राणीच्या गोष्टी निघत राहिल्या. पौर्णिमेला राजा तुळेत बसला. दोन शेर उतरले होते.

"दोन शेर!" साळुंकी म्हणाली. "एवढ्याने तर माझा पिंजरा भरेल."

दुसरे काम पावसाळा सरताना मिळाले. राणीने लावलेल्या बागेला झऱ्याचे पाणी स्वतः वाहून घालायचे, रोज, पायी. आरंभी राजा अर्ध्या वाटेवर घागर टेकून बसे. पुढे तीन खेपा झाल्या, पुढे सात. एका पौर्णिमेला तुळा तसूभरही हलली नाही. राजा चिडून झऱ्यावर गेला.

"बागेत काय आहे?" निर्झरेने विचारले.

"मोगऱ्याला कळ्या आल्यात."

"मग पाणी घालत राहा."

तिसरे काम सगळ्यांत लहान होते आणि सगळ्यांत अवघड. तोंडातला घास संपल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही, आणि पोट म्हणेल तिथे थांबायचे. सणाला येसाईने पुरणपोळी केली तेव्हा राजाने झऱ्यावर विचारायला पाठवले, ही चालेल का? निर्झरेने निरोप धाडला, की खुशाल खा, पण चव घेऊन खा. राजाने एक पोळी सावकाश खाल्ली आणि हात धुतले.

"येसाई," तो म्हणाला, "इतकी वर्षं तू रांधलंस. चांगलं असतं, हे मी कधी बोललो नाही."

"आता बोललात ना, महाराज," येसाई म्हणाली, आणि तवा उगाच पुन्हा पुसला.

पळसाला कळ्या धरल्या त्या सकाळी तुळेची दोन्ही पारडी समोरासमोर उभी राहिली. राजाने कमरबंद बांधला, शेला घेतला आणि तो दरीकडे चालत गेला. पुलापाशी त्याने शेला उतरवला आणि पहिले पाऊल टाकले. एक धागा तटकन तुटला. पाऊल मागे आले.

"कमरेला काय आहे?" साळुंकीने विचारले.

राजाने कमरबंद सोडला. त्यातून राणीची ताकाची चांदीची वाटी निघाली. राणी गेल्यापासून ती वाटी त्याच्या कमरेला होती. राजा बराच वेळ वाटी हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती काठावरच्या गवतात ठेवली आणि तो पूल ओलांडून गेला.

पित्याचा हात लागताच दार उघडले. धूम्रकेशाचा धूर झाला आणि वाऱ्यावर गेला. धाग्यांचा पूल दगडी झाला. मेघना बाहेर आली. तिने आधी पित्याच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"बाबा, आई गेल्यावर तुम्ही जेवत होता ना?"

"दोघांचं जेवत होतो," राजा म्हणाला. "आता माझं जेवतो."

दोघे पायीच परतले. राजवाड्यात मेघनेचे ताट मांडले गेले, दारात येणाऱ्यांचेही राहिले, आणि घोड्याने राजाला पुन्हा पाठीवर घेतले. राजा रोज बागेला पाणी घाली आणि पहिल्या घासाआधी राणीचे आभार मानी.

परतताना वाटी त्याला दिसली होती. तिच्यात दव साचले होते आणि साळुंकी ते पीत होती. पिऊन झाले की उचलू, असे राजा मनाशी म्हणाला. ती आणायची राहिली आहे.