पाचातले दोन हिस्से

“मळा पिवळा पडला तो हिच्याच पायगुणानं,” असं एका गावातली एक सासू शेजारणीला म्हणाली. “पाण्याची येती पाळी बघायची. नाहीतर वेल उपटायचे आणि हिला माहेरी धाडायची.” नवी सून दाराआड विड्याची पानं पुसत बसली होती. तिने पुढचं पान उचललं.

घर पानमळेकऱ्याचं. पाटाचं पाणी दर चौथ्या दिवशी त्यांच्या आळीत यायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. पाणी वाटून देणारा पाटकरी तळाशी भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायचा. ती भरून बुडाली की एक वाटी पाणी झालं. दिवसाच्या अशा तीस वाट्या. अर्धं पाणी मळेकऱ्याचं, तिसरा हिस्सा त्याच्या म्हाताऱ्या आत्याचा, उरलेलं गुरांच्या कुंडाला. मुलाच्या लग्नात आत्याने आपला हिस्सा मळेकऱ्याला आहेर म्हणून देऊन टाकला. तेव्हापासून पाणी वाढायला हवं होतं, आणि वेल मात्र सुकत चालले होते.

पाळीच्या दिवशी सून धुणं घेऊन पाटावर गेली आणि मनातल्या मनात वाट्या मोजत राहिली. बारावी बुडताच पाटकऱ्याने मळ्याकडे पाणी सोडणारं दार बंद केलं.

“काका, एवढंच?”

“एवढंच कसं, सूनबाई! तुमचा अर्धा म्हणजे दोनातला एक. आत्याचा तीनातला एक. एक नि एक दोन, दोन नि तीन पाच. पाचातले दोन हिस्से दिले की! साऱ्या गावानं माना डोलावल्या.”

बांधावरून सासरे म्हणाले, “त्याचा हिशेब कधी चुकत नाही. तू आपलं धुणं धू.”

माहेरी जायचंच आहे तर बोलून जावं, असं सुनेला वाटलं. तिने गळलेली तीस पिवळी पानं वेचली आणि दगडावर पाच-पाचांचे सहा ढीग लावले.

“सहाच का?” पाटकऱ्याने विचारलं.

“पाचांचे सारखे दोन भाग होत नाहीत, तीनही होत नाहीत. सहांचे दोन्ही होतात. मामंजी, हा सगळा दिवस. यातला अर्धा उचला.”

सासऱ्यांनी तीन ढीग उचलले.

“आता आत्याबाईंचा तिसरा हिस्सा.”

त्यांनी आणखी दोन उचलले. दगडावर एकच ढीग राहिला. पाटकऱ्याने सासऱ्यांच्या हातातली पानं मोजली. पंचवीस. पुन्हा मोजली.

“म्हणजे अर्ध्यात भर घालून मी अर्ध्याहून कमी…” त्याने बोलणं अर्धवट सोडलं आणि धावत जाऊन मळ्याचं दार उघडलं.

महिन्याभरात वेलींना नवी फूट आली. सासू शेजारणीला सांगू लागली, “सून आम्ही पारखूनच आणली हो!”

या गोष्टीचं तात्पर्य सुनेनेच सांगितलं, त्या दोघींसमोर, मोठ्याने: “हिस्से आधी एका मापाचे करावेत, मगच मिळवावेत. आणि भर घालूनही कमी पडलं, तर माणसं तपासण्याआधी बेरीज तपासावी.”