धाकू घडशाचा एक सूर

बोरवड्याला खाडीतल्या तरीशिवाय, म्हणजे होडीशिवाय, वाट नव्हती, त्या काळी तिथे धाकू घडशी राहत होता. घराणं सनईवाल्यांचं. पण धाकूला तरुणपणीच एका संस्थानिकाने आपल्या वाद्यवृंदात नेलं आणि त्याच्या मांडीवर पितळेचा भोंगा ठेवला. एवढा मोठा, की आत कोंबडी पिलांसकट बसावी. ट्युबा म्हणतात त्याला. बाकीचे गाणं वाजवत आणि धाकू त्यांच्याखाली एक जाड सूर धरून ठेवी. तो सूर लागला की दरबारातली झुंबरं किणकिणत, असं म्हणतात.

तीस वर्षांनी वाद्यवृंद मोडला. धाकू भोंगा घेऊन गावी आला आणि शिकवू लागला. त्याची रीत वेगळी. शिष्याने छातीभर पाण्यात उभं राहायचं आणि वर्षभर एकच सूर धरायचा. पुष्कळ जण कंटाळून पळाले. टिकले त्यांना लांबलांबचे बँडवाले शोधत येत.

सगळ्यांत तयार होता जनू. पण एक दिवस तोही चिडला.

"काका, वरातीत माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. मला गाणं वाजवायचंय."

"बघायला तू काय नवरदेव आहेस?" धाकू म्हणाला.

सगळे हसले. जनू उठून गेला, तो दोन वर्षं आला नाही. धाकूला त्या हसण्याचं फार वाईट वाटत राही. त्याच सुमारास त्याचे पुढचे दात पडले. दातांशिवाय ओठ धरत नाहीत. भोंगा कोपऱ्यात गप्प बसला.

पौषातली सकाळ होती. धाकूची मुलगी सुगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. तिची होडी खाडीच्या मध्यावर आली आणि धुकं पडलं, हाताला हात दिसेना. ओहोटी लागलेली. पाणी तरीला मुखाकडच्या खडकांवर ओढू लागलं. गावाने घाटावर येऊन ढोल बडवले, हाका मारल्या. दोन्ही काठांवरच्या डोंगरांनी त्या परत फेकल्या.

धुक्यातून होडी हाकणारा तांडेल ओरडला, "अरे, घाट कुठल्या अंगाला? चारी बाजूंनी ओरडताय!"

"गप्प! सगळे गप्प!" धाकू म्हणाला. त्याने भोंगा तोंडाला लावला. नुसती हवा गेली. त्याचे डोळे भरून आले. मग गर्दीत त्याला जनू दिसला.

"जनू, धर रे बाबा."

"काका, दोन वर्षं हात लावला नाही."

"मी आहे ना मागे."

धाकूने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. तळवा दाबला की जनूने श्वास घ्यायचा. पहिला सूर फाटला. दुसरा लागला, आणि हलला नाही. सूर्य माडांच्या शेंड्यांवर येईतो जनू वाजवत होता, असं म्हणतात. खाडीच्या पाण्यावर वलयं उठली, धुकं मधोमध फाटलं आणि तरीपुरती वाट झाली. त्या वाटेने सुगंधा घाटाला लागली.

तांडेलाने विचारलं, "कोण वाजवत होतं?"

"काका," जनू म्हणाला.

"जनू," धाकू म्हणाला.

ते दोघे कधीच गेले. अजून पौषात धुकं पडलं, की बोरवड्याचे लोक घाटावर जमतात. ढोल घरी ठेवतात. नवा शिष्य एकच सूर धरतो, आणि दात पडलेला एखादा जुना वाजवणारा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. कुणी बोलत नाही. खाडीतल्या होड्या, त्यांना कुठेही जायचं असो, तेवढा वेळ घाटाकडे तोंड करून थांबतात.