ठकूनं भुरी डोक्यावर घेतली

फार वर्षांपूर्वी, पिंपळदऱ्याच्या डोंगराला पायवाटसुद्धा नव्हती तेव्हाची गोष्ट. गावात तुळाजी माळी राहायचा, त्याची आई भागू राहायची आणि त्याची नवी बायको ठकू. घरची गुलाबाची बाग होती. चैत्री पुनवेला मळाईदेवीच्या गळ्यात पहिला हार पडायचा तो ह्याच घरचा. सात पिढ्यांचा मान होता तो.

भागू बागेला देवीची लेक मानायची. दिवेलागणीला घागरी भरभरून झाडांना डोक्यावरून न्हाऊ घालायची. गळलेलं पान बाहेर टाकायची नाही. देवीचं म्हणून बुंध्याशीच ठेवायची.

एका पौषात बागेवर भुरीचा रोग आला. पानांवर पीठ उधळल्यागत झालं, कळ्या उमलायच्या आधीच वाळायला लागल्या. गावानं तुळाजीला बजावलं, "पुनवेला हार नाही आला, तर मान वरच्या आळीला जाईल." भागूनं घाबरून दुप्पट पाणी ओतलं. भुरी चौपट झाली.

ठकूच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी ताकाचा डेरा विसळून ती पाणी जिथं भिरकावायची, तिथलं एक झुडूप हिरवंगार होतं. ते एकटं, उघड्यावर, ऊन-वारा खात उभं होतं. सासूच्या घागरी तिथवर पोचत नव्हत्या.

"आत्याबाई, झाडं रातभर ओली नका ठेवू. रोगट पानं तोडून जाळू, अन् ताक शिंपू."

"ताक पाजायला ती काय जेवणावळीला बसल्यात?" सासू कडाडली. "अन् देवीच्या झाडाला विळा लावतीस? हात झडतील तुझे!"

"झडू द्यात. हार तर राहील."

तुळाजीची पंचाईत झाली. इकडं आई, तिकडं बायको. तो आपला विहिरीवर जाऊन बसला.

ठकूनं दाटीच्या फांद्या छाटल्या, मधून वारा खेळता केला. रोगट पानं वेचून बांधापलीकडं जाळली. पाणी सकाळी, तेही फक्त मुळाशी. आंबट ताक पातळ करून, गाळून, कडुलिंबाच्या डहाळीनं पानांच्या वरून-खालून शिंपलं. दर आठ दिवसांनी, सात वेळा. तिचं शिंपून होईस्तोवर ऊन तापू नये म्हणून सूर्य डोंगराआड थांबायचा, असं म्हणतात.

सातव्या खेपेला बागेतनं धुरागत पांढरं काहीतरी उठलं आणि ठकूच्या केसांत जाऊन बसलं, असं म्हणतात. काळ्या केसांची पोर आत गेली होती, बाहेर आली ती पांढऱ्या केसांची. सासूनं पदरानं तिचं डोकं पुसून पुसून पाहिलं. पांढरं काही निघेना. मग तिनं सुनेला पोटाशी धरलं. "माझी चूक तू डोक्यावर घेतलीस गं पोरी!"

त्या चैत्रात असे गुलाब फुलले, की हार देवीच्या गळ्यातनं निघून देवळाच्या पायऱ्या उतरून नदीला टेकला, असं म्हणतात.

आजही पिंपळदऱ्यात दिवेलागणीनंतर कुणी गुलाबाला पाणी घालत नाही. पौषात गळलेली पानं बांधावर जाळतात, त्याला 'ठकूचा धूर' म्हणतात. आणि त्या घरचा मान? तो कुठंच गेला नाही. त्या घरात अजूनही नवी सून माप ओलांडून आली, की देवघराच्या आधी तिला बागेत नेतात, आणि सासू सगळ्यांदेखत तिला विचारते, "सांग बाई, काय करू?"