तीन हँडलं आणि मूठभर जर्दाळू

“यातलं कुठलं घेऊ?” असं आपण विचारलं, की “यातलं सर्वांत चांगलं कुठलं?”, हे डॉ. मुकुंद हळब्यांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरंच विचारलं असणार. त्या वयात ते जिथे तिथे सर्वांत चांगलंच शोधत असत.

हिमालयातल्या एका मठाच्या कोठारात घोंगडीवर तीन हँडलं मांडली होती. बर्फावरच्या स्कूटरची. तिचं मूळचं हँडल छपरावरून कोसळलेल्या बर्फाखाली वाकलं, म्हणून हळब्यांनी ही तीन परदेशातून मागवली होती. बर्फाचा अभ्यास करायला आलेल्या तुकडीचे ते प्रमुख, आणि यंत्रशास्त्रातले डॉक्टर.

स्कूटर तुकडीची, पण कोठार मठाचं, आणि किल्ली मेमेंच्या कमरेला. मेमे म्हणजे आजोबा. सत्तरीच्या त्या भिक्षूला सगळं गाव याच नावाने हाक मारी.

सकाळी वरच्या वाडीला निघायचं होतं. तिथली एक बाई आज-उद्या बाळंत होणार होती. नर्स डोल्करला स्कूटरमागे जोडलेल्या घसरगाडीत बसवून हळबे नेणार होते. पायी गेलं तर आख्खा दिवस मोडला असता. गावकऱ्यांचं म्हणणं एवढंच, की मेमेंना विचारा, ते हो म्हणाले तर न्या.

या यंत्रातलं मेमेंइतकं इथे कुणाला कळत नसणार, असं हळब्यांनी धरून टाकलं आणि वही उघडली.

“मेमे, पहिल्याची टोकं आत वळलेली आहेत. हात निसटायचा प्रश्नच नाही. दुसऱ्याला मुठीभोवती कवच आहे, हात गुहेत बसल्यासारखा बसतो. तिसरं उंच आहे, पण अगदी गुळगुळीत. पकडीसाठी मी त्याला दहापैकी चार गुण दिलेत.”

“आणि स्वतःला?”

“म्हणजे?”

“स्वतःला किती दिलेस?”

डोल्कर दाराशी औषधांची पेटी बांधत होती. ती म्हणाली, “मेमे, सरांना छळू नका. उद्या माझा जीव त्यांच्या हातात आहे.”

“म्हणून तर हात बघतोय... लाव पहिलं.”

हळब्यांनी पहिलं हँडल बसवलं, चारही बोल्ट आवळले आणि ते ऐटीत सीटवर बसले.

“वरही असाच बसणार?”

“छे. डोंगरात उभ्यानेच चालवायचं असतं.”

“मग?”

हळबे उभे राहिले. हातमोजे चढवून त्यांनी टोकं घट्ट धरली. मेमे समोर आले. चोग्यातून त्यांनी एक सुका जर्दाळू काढला आणि सरळ फेकला.

तो हळब्यांच्या नाकावर बसला.

“मेमे, हे काय...”

“दुसरं लाव.”

दुसऱ्याच्या कवचातून हात बाहेर येईपर्यंत जर्दाळू कपाळावर आपटून धान्याच्या पोत्यांमागे घरंगळत गेला होता.

“कडक आहेत हो,” कपाळ चोळत हळबे म्हणाले.

“गेल्या वर्षीचे आहेत. तिसरं लाव.”

तिसरं लावलं. मेमे बराच वेळ नुसते उभे राहिले... डोल्करकडे वळून काहीतरी विचारल्यासारखं केलं... आणि हळब्यांना कळायच्या आत जर्दाळू त्यांच्या मुठीत होता.

“हे,” मेमे म्हणाले.

“पण याची पकड सर्वांत वाईट आहे.”

“हो.”

“माझ्या तक्त्यात...”

मेमेंनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

“जर्दाळू खा. झेललेला जास्त गोड लागतो.”

तो गोड लागला की नाही, हेही हळब्यांना आता आठवत नाही. दुसऱ्या दिवसाचं मात्र सगळं लख्ख आठवतं.

शेवटच्या आडव्या उतारावर डोल्कर रिवाजाप्रमाणे खाली उतरून पायी चालू लागली. तिथे माणसाला कुणी ओढून नेत नाही. हळबे एकटे पुढे निघाले. मध्यावर स्कूटरने दरीकडे अंग टाकलं. हळब्यांचे हात आधी सुटले, भीती मागाहून वाटली. स्कूटर रिकाम्या घसरगाडीसकट दोन कोलांट्या खाऊन खालच्या बर्फात रुतली. हळबे कमरेइतक्या बर्फात उभे होते, धडधाकट.

वरून डोल्करने विचारलं, “सर, झेलला का?”

दोघांनी तासभर खपून स्कूटर सरळ केली. हँडल थोडं वाकलं होतं, पण चालत होतं. दुपारी ते वाडीत पोचले. संध्याकाळी मुलगी झाली.

हळब्यांनी ही गोष्ट पुढे वर्गावर्गांतून सांगितली. सांगता सांगता एक शंका त्यांना कुरतडू लागली. तिसऱ्या खेपेपर्यंत आपण सावध झालो होतो, म्हणूनच जर्दाळू झेलला गेला, असं तर नसेल? गुळगुळीत हँडल पहिल्यांदा लावलं असतं तर? इतका ढिसाळ प्रयोग एखाद्या विद्यार्थ्याने केला असता, तर त्यांनी तो परत पाठवला असता.

नऊ वर्षांनी त्या गावात फोन पोचला, तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात मेमेंना फोन लावला.

“मेमे, ते तिसरं हँडल आधी लावलं असतं, तर तो जर्दाळूही नाकावरच बसला असता. खरं ना?”

“खरं.”

“मग ती परीक्षा कसली होती?”

फोनवर कुणीतरी काहीतरी चघळत असल्याचा आवाज.

हळब्यांनी धीर करून विचारलं, “तुम्ही स्वतः किती वर्षं चालवत होतात तसली स्कूटर?”

“एकदाही नाही,” मेमे म्हणाले. “मला फक्त घोड्यावरून पडता येतं.”